चाळिशीनंतरचे केस : आधी काय तपासावे, मग काय करावे

चाळिशी ओलांडल्यावर वेणीचा शेपटा बारीक झाल्याचे किंवा कानशिलांजवळ पांढरे केस वाढल्याचे लक्षात आले, की बहुतेक घरांत पहिली खरेदी तेलाची होते, दुसरी शाम्पूची आणि तिसरी रंगाची. काही महिन्यांनी गुण येत नाही म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, तर तोवर एकावर एक इतके उपाय झालेले असतात, की मूळ तक्रार कोणती आणि उपायांनी ओढवलेला त्रास कोणता, हे वेगळे काढणेच अवघड होऊन बसते. पुष्कळदा उपाय योग्य असूनही त्यांचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम कसा असावा आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या चुका टाळाव्यात, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

## सुरुवात करण्यापूर्वी : वयानुसार काय बदलते

डोक्यावरचा प्रत्येक केस स्वतंत्र चक्रातून जातो. तो दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता टिकून राहतो आणि मग गळून पडतो. त्याच छिद्रातून नवा केस उगवतो. वाढीचा वेग महिन्याला साधारण १ सेंटिमीटर असतो. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात, त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हा या चक्राचाच भाग आहे.

वय वाढते तसा वाढीचा काळ आखूड होत जातो आणि काही छिद्रांतून उगवणारा नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व तोकडा येतो. केसाला रंग देणाऱ्या पेशींचा मुळाशी असलेला साठा संपत गेला, की केस पांढरा उगवतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या डोक्याच्या त्वचेतील तेल कमी होते. म्हणून तिशीत ज्या शाम्पूने केस मऊ राहत, त्याच शाम्पूने पन्नाशीत ते राठ वाटू लागतात. पुरुषांमध्ये हे तेल बरेच उशिरा कमी होते, मात्र कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि डोक्याच्या मागच्या भोवऱ्यापाशी केस विरळ होण्याची प्रक्रिया त्यांच्यात लवकर सुरू होते.

यातून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला बाहेरून पोषण देता येत नाही, फक्त झिजण्यापासून वाचवता येते. आणि मुळाशी केलेल्या कोणत्याही उपायाचा परिणाम दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा.

## टप्पा १ : गळणे, तुटणे आणि विरळ होणे वेगवेगळे ओळखणे

या तीन तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. तरीही तिन्हींसाठी ‘केस जातात’ असे एकच वाक्य वापरले जाते आणि पुढचे सगळे गणित तिथेच बिघडते.

फणीत आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात पाहावेत. ज्या केसाच्या एका टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहून लहान गाठ असते, तो मुळापासून गळलेला असतो. ही गाठ पाहून अनेक जण घाबरतात आणि ‘केस मुळासकट गेला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात छिद्र जागेवरच असते आणि गाठ असणे हे चक्र पूर्ण झाल्याचे चिन्ह आहे. ज्या तुकड्याची दोन्ही टोके नुसतीच असतात, लांबी तोकडी असते आणि एक टोक चिरलेले किंवा दुभंगलेले असते, तो तुटलेला असतो. फणीत तुकडेच जास्त असतील, तर रक्ततपासणीकडे धावण्यापूर्वी टप्पा ४, ५ आणि ६ नीट वाचावेत, कारण दोष बहुधा हाताळण्यात किंवा रंगात असतो.

तिसरा प्रकार फणीत दिसतच नाही. केस फारसे गळत नाहीत, तरी भांग रुंद होत जातो, वेणीला रबराचा आणखी एक वेढा द्यावा लागतो आणि दिव्याखाली डोक्याची त्वचा दिसू लागते. हे विरळ होणे सावकाश चालते आणि आनुवंशिकतेशी त्याचा जवळचा संबंध असतो. स्त्रियांमध्ये कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते आणि मधला भांग रुंदावतो.

नोंदीसाठी फोटो काढावेत. केस कोरडे असताना, मध्यभागी भांग पाडून, खिडकीच्या त्याच उजेडात, वरून एक, दोन्ही कानशिलांचे एकेक आणि भोवऱ्याचा एक असे चार फोटो दर तीन महिन्यांनी घ्यावेत. ओल्या किंवा तेल लावलेल्या केसांचे फोटो निरुपयोगी असतात, कारण तेव्हा सगळ्यांचेच केस विरळ दिसतात.

सामान्य चूक : न्हाण्याच्या दिवशी गळलेले केस मोजून धास्तावणे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या व्यक्तीचे आठवडाभराचे सुटलेले केस त्या एका दिवशी निघतात.

## टप्पा २ : मागच्या तीन महिन्यांचा हिशेब आणि तपासण्या

मुळापासून गळणे अचानक वाढले असेल, तर त्याचे कारण आजच्या दिवसात न शोधता दोन ते तीन महिने मागे जाऊन शोधावे. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोव्हिडसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेले वजन, घरातला मृत्यू, नवे औषध सुरू होणे किंवा जुने बंद होणे, यांपैकी एखाद्या धक्क्यानंतर असंख्य केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. कारण दूर झाले, की ही गळती साधारण सहा महिन्यांत ओसरते. या काळात नवे तेल सुरू केलेले असले तर श्रेय तेलाला मिळते आणि मग ते तेल गावभर सुचवले जाते, असे सर्रास घडते.

असे काही आठवत नसेल, किंवा गळती सहा महिन्यांहून अधिक चालू असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, जीवनसत्त्व बी १२ आणि जीवनसत्त्व डी या तपासण्या कराव्यात. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खाली गेलेले असू शकते. पाळी थांबण्याच्या आधीच्या वर्षांत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये हे विशेष पाहावे. शुद्ध शाकाहारी व्यक्ती आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्ती यांनी बी १२ ची तपासणी टाळू नये.

तपासणीपूर्वीची दक्षता : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला आधीच सांगावे व त्यांनी सांगितलेले दिवस त्या बंद ठेवाव्यात. रक्तात बायोटिन जास्त असल्यास थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात, आणि नसलेल्या आजाराचे औषध सुरू होण्याचा धोका राहतो.

आहाराबाबत एवढेच पाहावे, की रोजची प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान ०.८३ ग्रॅम होतात का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी ठरवलेले हे प्रमाण आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम लागतात. पोळी-भाजी आणि पातळ वरण एवढ्यावर ते भरत नाही. उसळ, डाळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे लागते. उसळीवर लिंबू पिळल्याने त्यातले लोह चांगले शोषले जाते, तर जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते अडते. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

इशारा : कमतरता सिद्ध झाल्याशिवाय केसांच्या नावाखाली मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नयेत. जीवनसत्त्व ए आणि सेलेनियम जास्त झाले, तर त्यामुळेच केस गळतात.

### इथेच थांबून डॉक्टरांकडे कधी जावे

पुढील लक्षणे असतील तर उरलेले टप्पे बाजूला ठेवावेत. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत चाई पडणे. विरळ झालेल्या जागी त्वचा चकचकीत होऊन छिद्रेच न दिसणे. डोक्यात पू, खपल्या किंवा सतत आग होणे. केस विरळ होतानाच स्त्रियांच्या हनुवटीवर राठ केस येणे. रजोनिवृत्तीनंतर कपाळाची केसरेषा मागे सरकू लागली आणि सोबत भुवयाही विरळ झाल्या, तर त्याला वयाचा परिणाम समजून वाट पाहू नये. त्या विकारात छिद्रे कायमची बुजतात, त्यामुळे जितका उशीर तितके नुकसान पक्के होते.

आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. पन्नाशीनंतर नव्यानेच डोके दुखू लागले, फणी फिरवताना कानशिले हुळहुळली आणि चावताना जबडा दुखू लागला, तर हा केसांचा प्रश्न नसून रक्तवाहिनीला आलेली सूज असू शकते. तिने दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

## टप्पा ३ : आधी डोक्याची त्वचा, मग केस

त्वचेवर कोंडा, खाज किंवा तेलकट खपल्या असतील तर आधी त्या आवराव्यात, कारण खाजवण्याने केस तुटतात आणि सुजलेल्या त्वचेला पुढे रंग वा औषध सोसत नाही.

इथली सर्वांत रुळलेली चूक म्हणजे कोंडा दिसला की डोके कोरडे पडले असे समजून रात्री भरपूर तेल थापणे. कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. कोंडा असताना तेल बंद ठेवावे आणि डॉक्टरांनी किंवा औषधविक्रेत्याने सुचवलेला २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरावा. तो केसांना लावून लगेच धुऊन टाकल्यास उपयोग होत नाही; त्वचेपर्यंत पोहोचवून तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा लागतो.

लिंबाचा रस, कांद्याचा रस, खाण्याचा सोडा हे पदार्थ डोक्याला चोळू नयेत. उतरत्या वयात त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि या पदार्थांनी ती भाजल्यासारखी लाल होऊ शकते.

पुढे जाण्यापूर्वी पाहावे : सलग दोन आठवडे खाज नाही, नखांत खपली येत नाही आणि ओरखडे भरले आहेत. त्यानंतरच रंगाचा विचार करावा.

## टप्पा ४ : तेल आणि न्हाणे

तेलाने नवे केस उगवत नाहीत. मात्र न्हाण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसांच्या आत शिरते आणि धुण्याने होणारी प्रथिनांची झीज कमी करते. २००३ साली भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा हा गुण खोबरेलातच आढळला. म्हणजे तेलाची जागा धुण्याच्या आधी आहे. न्हाल्यावर दिवसभर तेल चोपडून ठेवल्याने धूळ बसते आणि पुन्हा जोराने धुवावे लागते.

कृती अशी करावी :

१. न्हाण्यापूर्वी मोठ्या दातांच्या फणीने कोरडा गुंता सोडवावा. ओला गुंता कधीही जास्त केस तोडतो.

२. खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचा एक चमचा तेल पुरते. ते तळव्यांवर पसरून केसांच्या लांबीला आणि टोकांना लावावे. त्वचेला हवे असेल तर बोटांच्या पेरांनी हलके दाबावे. तळव्यांनी खसाखसा चोळल्याने बारीक झालेले केस तुटतात. तेल एक-दोन तास पुरे. कोंडा नसेल तर रात्रभर राहिले तरी हरकत नाही.

३. पाणी कोमट असावे. अंगावर घेतो तितके कडकडीत पाणी डोक्यावर घेऊ नये.

४. शाम्पू मगात थोड्या पाण्यात कालवून फक्त त्वचेला लावावा. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरेसा असतो. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळण्याची सवय मोडावी.

५. कंडिशनर कानांच्या खालच्या लांबीलाच लावावा, दोन मिनिटे ठेवावा आणि धुऊन टाकावा. तो मुळाशी लावला तर विरळ केस चपटे बसतात आणि आणखीच विरळ दिसतात. अनेक जण त्याला या कारणाने नाकारतात, पण पांढऱ्या, राठ केसांना सर्वाधिक फरक त्यानेच पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवड्यातून दोनदा न्हाणे बहुतेकांना पुरते. रोज हेल्मेट घालून घामाघूम होणाऱ्यांनी तीनदा न्हावे, पण सौम्य शाम्पूने. हेल्मेटखाली धुतलेला सुती रुमाल बांधावा. शिकेकाई वापरणाऱ्यांनी भरड पूड थेट चोळण्याऐवजी शेंगा उकळून, गाळून, ते पाणी वापरावे, कारण पुडीचे कण बारीक केसांवर घासतात. डोळे मात्र मिटून घ्यावेत.

बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी असेल तर फेस नीट होत नाही आणि क्षारांचा थर केसांवर बसून ते चरबरीत होतात. संपूर्ण न्हाण्यासाठी शुद्ध पाणी मिळवण्याची गरज नाही. पिण्याचे पाणी एक-दोन लिटर बाजूला ठेवून शेवटचा मग त्याचा ओतला, तरी फरक जाणवतो.

## टप्पा ५ : वाळवणे, विंचरणे, बांधणे

ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. आपल्याकडे न्हाल्यावर पुढे वाकून, केस चेहऱ्यावर घेऊन, पंचाने फटाफट झटकण्याची रीत आहे. तिशीत दाट केसांना ते सोसत होते, पण पन्नाशीत त्या प्रत्येक फटक्याला टोके तुटतात. त्याऐवजी पंचात किंवा जुन्या सुती टी-शर्टमध्ये केस गुंडाळून दाबावेत आणि पाणी टिपावे. ड्रायर लागत असेलच तर कमी उष्णतेवर, सुमारे एक वीत अंतरावर धरावा आणि एका जागी स्थिर ठेवू नये.

विंचरताना टोकापासून सुरुवात करावी. शेवटची चार बोटे मोकळी झाली, की त्यावरची चार बोटे घ्यावीत आणि असे मुळाकडे जावे. मुळापासून फणी ओढत आणल्यास सगळे गुंते खाली एकत्र येऊन त्यांची घट्ट गाठ बनते आणि ती तोडावीच लागते.

ओल्या केसांचा अंबाडा घालू नये. वेणी किंवा पोनी इतकी घट्ट नसावी, की कपाळाची त्वचा मागे ओढल्यासारखी वाटावी. वर्षानुवर्षांच्या ताणाने कानशिलांवरचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि हा प्रकार घट्ट वेण्या घालणाऱ्या स्त्रियांत अनेकदा वयाच्या नावावर खपवला जातो. विरळ वेणी भरीव दिसावी म्हणून गंगावन रोज गुंफणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, की त्याचे सारे वजन मुळात कमी उरलेल्या केसांवर पडते. ते कार्यापुरते लावावे आणि घरी येताच काढावे. भांगही दर काही आठवड्यांनी अर्धा बोट इकडे-तिकडे करावा.

लांबी थोडी कमी करण्याचा सल्ला पुष्कळ स्त्रियांना दुखावतो, हे मला ठाऊक आहे. तरीही चार-सहा बोटांनी केस कापले, तर विरळ टोके निघून जातात, वजन घटते आणि उरलेले केस भरदार दिसतात. दर तीन महिन्यांनी टोके कापल्याने केस वेगाने वाढत नाहीत, पण चिरलेले टोक वर चढत जाणे थांबते.

## टप्पा ६ : पांढऱ्या केसांचा रंग

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. रंग न लावणे हाही एक पूर्ण पर्याय आहे आणि त्यात केसांची काहीच हानी नाही. एक पांढरा केस उपटला तर सात उगवतात हे खरे नाही, पण उपटूही नये. सारखे उपटल्याने छिद्राला इजा होते. कात्रीने मुळाजवळ कापावा.

### रासायनिक रंग लावायचा असल्यास

बाजारातल्या बहुतेक काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत पीपीडी हे रसायन असते. त्याची ॲलर्जी पहिल्याच वेळी होते असे नाही. दहा वर्षे तोच रंग निर्धास्त वापरल्यानंतर अकराव्या वर्षी पापण्या सुजून डोळे मिटतात, कानांमागे पाणी सुटते आणि चेहरा ओळखू येत नाही, असे होऊ शकते. वेष्टनावर ‘अमोनियाविरहित’ लिहिलेले असले तरी त्यात पीपीडी असू शकते, कारण ही दोन वेगळी रसायने आहेत. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांतही तेच असते. मेहंदीच्या पानांचा रंग काळा येतच नाही.

१. प्रत्येक वेळी, रंग लावण्याच्या ४८ तास आधी, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूला लावून पाहावा. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास ते पाकीट फेकून द्यावे. हातावर काढलेल्या तयार काळ्या मेहंदीने पूर्वी फोड आले असतील, तर चाचणीसुद्धा करू नये. असे रंग कायमचे वर्ज्य समजावेत.

२. रंगाच्या दिवशी केस धुऊ नयेत. आदल्या दिवशी धुतलेल्या त्वचेवर नैसर्गिक तेलाचा पातळ थर असतो आणि तो संरक्षण देतो. ओरखडा किंवा जखम असेल तर तो दिवस पुढे ढकलावा.

३. कपाळ, कान आणि मान यांच्या कडेने व्हॅसलिन लावावे, हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी.

४. कानशिलांचे पांढरे केस रंग उशिरा धरतात, म्हणून तिथून सुरुवात करावी आणि मग भांगाकडे यावे.

५. दुसऱ्या वेळेपासून रंग फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना लावावा. दर महिन्याला संपूर्ण लांबीवर रंग फासणे, हे चाळिशीनंतर केस तुटण्याचे एक मोठे कारण आहे. महिन्यात १ सेंटिमीटरच केस नवा असतो; बाकीचा आधीच रंगलेला असतो.

६. वेष्टनावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने रंग अधिक टिकत नाही, त्वचा मात्र भाजते. दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत.

भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीही लावू नये. पार्लरमध्ये जाणाऱ्यांनी पाकीट दाखवायला सांगावे आणि चाचणीसाठी दोन दिवस आधी एक चक्कर मारावी. घाईच्या दिवशी ही पायरी गाळली जाते आणि लग्नाच्या आदल्या रात्री सुजलेला चेहरा घेऊन दवाखाना गाठावा लागतो.

### मेहंदी लावायची असल्यास

शुद्ध मेहंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी-तांबूस रंग देते. पाकिटावर घटक म्हणून केवळ मेहंदीची पाने लिहिलेली असावीत. पूड हिरवट आणि वाळक्या गवताच्या वासाची असते. काळसर पुडीत इतर काही मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते.

पूड कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट भिजवून काही तास झाकून ठेवावी. केस धुतलेले, कोरडे आणि तेलविरहित असावेत. मेहंदी दोन ते तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवावी आणि त्यानंतर दीड-दोन दिवस शाम्पू लावू नये, कारण रंग त्या काळात गडद होत जातो. धुतल्याबरोबर भडक नारिंगी दिसले म्हणून लगेच दुसरा रंग वर चढवणे ही घाई आहे.

गडद रंग हवा असल्यास दुसऱ्या पायरीत निळीच्या पानांची पूड वापरतात. ही पूड पाण्यात कालवून लगेच, दहा-पंधरा मिनिटांत लावावी लागते; मेहंदीप्रमाणे रात्रभर भिजत ठेवली तर ती निकामी होते. मेहंदी धुतल्यावरच ती लावावी आणि एक ते दोन तासांनी धुवावी. सुरुवातीला हिरवट झाक दिसते, दोन दिवसांत ती तपकिरी-काळी होते. मेहंदी न लावता थेट नीळ लावल्यास पांढऱ्या केसांवर हिरवी-निळी छटा बसते. वनस्पतींचीही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ४८ तासांची चाचणी इथेही करावी.

मेहंदीही दर महिन्याला पूर्ण लांबीवर थापल्याने केस कोरडे आणि कडक होतात. दुसऱ्या वेळेपासून ती मुळांपुरती लावावी आणि पाचव्या-सहाव्या दिवशी लांबीला तेल लावून न्हावे.

इशारा : केस सरळ किंवा मऊ करण्याच्या पार्लरमधील उपचारांत फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सोडणारी द्रव्ये असू शकतात, आणि ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलेल्या उपचारांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी हे उपचार टाळावेत. रंग आणि असा उपचार एकाच दिवशी कोणीही करून घेऊ नये.

## टप्पा ७ : औषध, आणि ते किती काळ

आधीचे सहा टप्पे पाळूनही भांग रुंदावत असेल, तर आनुवंशिक विरळपणा गृहीत धरून त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान पक्के करावे. पहिले औषध बहुधा त्वचेला लावायचे मिनॉक्सिडिल असते. २ आणि ५ टक्क्यांत ते मिळते. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी ते वापरू नये आणि हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

औषध कोरड्या त्वचेवर, भांग पाडून, थेंबाथेंबाने लावावे. केसांना लावलेले औषध वाया जाते. झोपण्यापूर्वी निदान दोन तास आधी लावावे, म्हणजे ते उशीवर उतरून गालाला लागत नाही. अन्यथा कपाळावर आणि गालांवर लव वाढते. हात लगेच धुवावेत. घरात मांजर असेल तर अधिकच जपावे, कारण मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असते आणि मांजर उशीचा अभ्रा किंवा मालकाचे डोके चाटू शकते.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने केस सुटून नव्यांना जागा मिळते म्हणून हे घडते. अनेक जण नेमके याच वेळी घाबरून औषध सोडतात. डॉक्टरांकडे विचारणा जरूर करावी, पण परस्पर बंद करू नये. परिणामाचा अंदाज चौथ्या ते सहाव्या महिन्यात, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंची तुलना करून घ्यावा. उपयोग झाला असेल, तर औषध चालू ठेवेपर्यंतच तो टिकतो. थांबवल्यावर काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. हा खर्च आणि रोजची शिस्त अनेक वर्षे निभावणार आहे का, याचा विचार पहिली बाटली उघडण्यापूर्वी करावा.

आनुवंशिक विरळपणा रोखण्यासाठीच्या फिनास्टेराइडच्या गोळ्या पुरुषांना डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्या लागतात आणि गर्भवती स्त्रीने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. केशरोपण सुचवले गेले तर आधी एक प्रश्न विचारावा, की विरळपणा स्थिरावला आहे का. तो वाढत असताना रोपण केले, तर रोपलेले केस राहतात आणि त्यांच्या भोवतीचे जातात.

ज्यांना औषध नको आहे त्यांच्यासाठी विरळ भांगावर टाकायची केसांच्या रंगाची भुकटी, हलका टोप किंवा आखूड केशरचना हे निर्धोक मार्ग आहेत. भुकटी रात्री धुऊन काढावी. आणि डोक्याची त्वचा उघडी पडली असेल तर दुपारी बाहेर पडताना टोपी, पदर किंवा छत्री घ्यावी, कारण केसांची सावली कमी झालेल्या त्या जागी ऊन थेट पोळते.